नागरिकत्व आणि सासऱ्यांचे दगड

विमानतळावरच्या रांगेत उभं असताना माणसानं आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. पाय दुखत असतात, पोट रिकामं असतं आणि मागच्याची पिशवी सारखी आपल्या गुडघ्यात घुसत असते. अशा वेळी जे सुचतं तो विचार नसतोच, ती पायांची तक्रार असते. पण हे शहाणपण मला आत्ता आलंय. तेव्हा मी निर्णय घेऊन मोकळा झालो.

आम्ही ऑकलंडला एका लग्नाला जाऊन परत येत होतो. आमच्याकडे विमानातून उतरलं की दोन रांगा लागतात, एक सामोआच्या नागरिकांची आणि दुसरी उरलेल्या जगाची. माझी बायको पेनीना आणि सासूबाई इलिसापेता पहिल्या रांगेतून, खिडकीतल्या अधिकाऱ्याच्या आईचे गुडघे कसे आहेत वगैरे विचारत, चालता चालता बाहेर पडल्या. मी उरलेल्या जगात उभा राहिलो. माझ्यापुढे लाटांवर घसरायला आलेली पोरं होती (माझ्याच देशातली), आणि त्यातल्या निम्म्यांना आपण कुठे उतरणार आहोत याचा पत्ता नव्हता. मी बाहेर आलो तेव्हा अख्खं कुटुंब ट्रकच्या हौद्यात बसून होतं आणि लग्नातून बांधून आणलेली कोंबडी संपली होती.

"या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तुम्हाला परत पाठवलं."

त्यांच्या आवाजात मी दुःख शोधून पाहिलं. (नव्हतं.) आणि तिथेच, केळीच्या घडाला पाठ टेकून, मी ठरवलं की आता सामोआचं नागरिकत्व घ्यायचं. बायको इथली असली की नवऱ्याला ते मागता येतं, पुरेशी वर्षं काढली की मिळतं, आणि त्यासाठी जुना देश सोडावा लागत नाही. अकरा वर्षांच्या संसारात बायकोकडून मिळण्यासारखी आणि मी अजून न मागितलेली एवढी एकच गोष्ट उरली होती.

मी नेव्हिल हॉगेट. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या वॅगाचा. आपिआच्या बंदरावर मालवाहतुकीच्या एका ऑफिसात कारकून आहे, आणि राहतो बायकोच्या गावी, बायकोच्या आईच्या घरात, बायकोच्या वडिलांनी लावलेल्या नीरफणसाच्या सावलीत. सरळ बोलायचं तर घरजावई. पण माझ्यासमोर हा शब्द कुणी वापरत नसे. मी पालागी, म्हणजे गोरा परदेशी, हे एक नाव मला आधीच पडलेलं होतं, आणि एका माणसाला दोन दोन नावं ठेवू नयेत इतकी इथली माणसं सभ्य आहेत.

आता रांग हे निमित्त झालं. खरं कारण वेगळं होतं आणि ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी इथे एक म्हातारे ऑस्ट्रेलियन इंजिनिअर वारले. सगळं आयुष्य इथेच गेलेलं, पण बायको आधीच गेली होती आणि मागे कुणी नव्हतं. त्यांना मायदेशी पाठवायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं आणि त्या पेटीची नोंद माझ्या हातून झाली. वर गोठवलेले मासे, खाली तारोचे कंद, मध्ये इंजिनिअर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (मला ओळखणाऱ्यांसाठी ही मोठी बातमी आहे.)

आमच्या गावात मेलेलं माणूस कुठे पाठवत नाहीत. घरासमोर, अंगणातच ठेवतात. सासऱ्यांची कबर आमच्या पायरीपासून हाकेच्याही अलीकडे आहे. तिच्या कडेला बसून बायका वेण्या घालतात, कोपऱ्यावर टॉवेल वाळतात, आणि संध्याकाळी सासूबाई तिथे टेकून सासऱ्यांना दिवसभराच्या बातम्या सांगतात. त्यात माझ्याबद्दलच्या तक्रारी बऱ्याच असतात. मला त्या अंगणात जागा हवी होती. मी गेल्यावर कुणीतरी माझ्यावर टॉवेल वाळत घालावा, एवढंच. परक्या माणसाला तिथे जागा मिळते की तो मासे आणि तारोच्या मध्ये जातो, हे विचारायची हिंमत होत नव्हती. नागरिक झालो की विचारायची वेळच येणार नाही, असा माझा हिशेब होता.

पेनीना नारळ खवत होती तेव्हा मी तिला बेत सांगितला. तिचा हात थांबला.

"कशाला?" तिनं विचारलं.

"त्यांची रांग छोटी असते."

"मोठ्या रांगेत उभा राहत जा. तेवढंच पोट उतरेल."

मी म्हटलं, मी गमतीत बोलत नाही. तेव्हा तिनं खवणी बाजूला सारली आणि हळूच म्हणाली, "नको करूस, नेव्हिल. आहेस तसा बरा आहेस."

आता मला सांगा, नवरा म्हणतो मी तुझ्या देशाचा होतो, आणि बायको म्हणते आहेस तसा बरा आहेस. याचा अर्थ मी काय घ्यायचा? मी तो घेतला आणि दोन दिवस उदास हिंडलो. ही बाई उद्या मला त्या पेटीत घालून पाठवणार आणि पावतीवर सही करणार, असं मला दिसायला लागलं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर योसेफो बसतो. माणूस विचारी आहे, विशेषतः तोंडात गोड भजी असताना. मी त्याला म्हटलं, फायदे-तोटे जरा तोलून बघू.

"फायदा सांग," योसेफो म्हणाला.

मी रांग सांगितली. तो म्हणाला, तू वर्षातून एकदा विमानात बसतोस. मग मी सांगितलं की बायकोशी बिनसलं तरी मला कुणी देशाबाहेर काढू शकणार नाही. हा फायदा पेनीनाला सांगितलास का, असं त्यानं विचारलं. मी रग्बीकडे वळलो. तो म्हणाला, सामोआ आणि ऑस्ट्रेलिया खेळतील तेव्हा कुणीही हरलं तरी तू हरलास.

"आणि कुणीही जिंकलं तर?"

"तेव्हा तुला कोण विचारतंय?" त्यानं दुसरं भजं उचललं आणि एकदम गंभीर झाला. "ते सगळं सोड. खुर्चीचं काय करणार आहेस?"

खुर्चीचा इथे काय संबंध, असं मी विचारलं. त्यानं माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं आणि खाण्यात लक्ष घातलं.

खुर्चीची गोष्ट अशी. आमच्याकडची मोठी बैठक म्हणजे खांबांवर उभं छप्पर. भिंती नाहीत, खाली चटया. सगळे मांडी घालून बसतात, मानकरी खांबाला टेकून. पाय पसरणं म्हणजे समोरच्याचा अपमान. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी माझ्या पायाला गोळा आला आणि माझी टाच गावच्या पाद्रीबाबांच्या सूपात गेली. पुढच्या रविवारी माझ्यासाठी पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आली. तेव्हापासून मानकरी खाली आणि मी वर, असं अकरा वर्षं चाललं होतं. माझं ताट आधी यायचं, त्यात काटा-चमचा असायचा आणि सासूबाई स्वतः माझ्यावरच्या माश्या हाकलायच्या. हा माझा मान आहे असं मी समजत होतो. (तुम्हीही समजला असता.)

मग एका रविवारी, चर्चनंतरच्या जेवणाला, मी त्या खुर्चीतून उठलो आणि सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं की मी नागरिकत्वाचा अर्ज केला आहे आणि यापुढे मला या घरचाच समजावं. समोर पेनीनाचे मामा बसले होते, फालेआफा. ते कुटुंबाचे मानकरी. मामा हळूहळू उठले, काठी टेकली आणि बोलायला लागले. वारे, होड्या, पूर्वज, माझ्या पूर्वजांबद्दल काही अंदाज, असं करत करत ते एका पक्ष्यावर आले. तो पक्षी म्हणजे मी होतो आणि इतकी वर्षं घिरट्या घालून आज फांदीवर उतरलो होतो. सासूबाईंनी डोळे पुसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेनीना तेवढी ताटात बघत होती.

पुढच्या रविवारी खुर्ची नव्हती.

मी इकडे तिकडे पाहिलं. ती मागे कोंबड्यांच्या खुराड्यापाशी होती आणि तिच्यावर अंड्यांची टोपली होती. एवढ्यात सासूबाईंची हाक आली. "अरे ए नेव्हिल, उभा काय राहिलास? मागे जा, वाढायला मदत कर." जावईबापू गेले, तुम्ही गेलं, ताट तर गेलंच. इथे घरजावयाची जागा स्वयंपाकाच्या छपरात असते. त्यानं भट्टी लावायची, ओझी उचलायची, मानकऱ्यांची जेवणं होईपर्यंत माश्या हाकलायच्या आणि उरलेलं खायचं. ही जागा आजवर माझ्या वतीनं माझा मेहुणा सामासोनी सांभाळत होता. तो नेमका त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाला सफरचंदं तोडायला गेला. म्हणजे तो माझ्या देशात सफरचंदं तोडतोय आणि मी त्याच्या देशात लाकडं फोडतोय, अशी ही देवाणघेवाण झाली.

माझ्या हाताला फोड आले तेव्हा पेनीनानं तेल लावत सगळं उलगडून सांगितलं.

"म्हणून नको म्हणत होते मी. कुणाचं लग्न, कुणाचं मयत, कुणाच्या घराला छप्पर. चटया द्या, माशांचे डबे द्या, डुक्कर द्या. दर वेळी मी काय सांगते माहीत आहे? माझा नवरा पालागी आहे, त्याला यातलं काही कळत नाही. मग लोक गप्प बसतात. तुझ्या न कळण्यावर हे घर उभं आहे, नेव्हिल."

"माझ्याबद्दल तू असं सांगतेस?"

"चिक्कू आहे असंही सांगते."

माझ्या अकरा वर्षांच्या मानसन्मानाची ही खरी किंमत होती. मी अर्ज मागे घेतला असता, पण मामांचा तो पक्षी फांदीवर उतरून बसला होता आणि गावात सगळ्यांना त्याची पिसं पाठ झाली होती. शिवाय अंगण होतंच. मी मुकाट्यानं लाकडं फोडत राहिलो.

असे काही रविवार गेले आणि सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाचा रविवार आला. जेवणाला मामा, पाद्रीबाबा आणि गावचे बाकीचे मानकरी येणार होते. जेवणानंतर कबरीपाशी प्रार्थना. शुक्रवारपासूनच कबरीवर नवी चटई आणि फुलं घातलेली होती. भट्टीची सगळी जबाबदारी माझ्यावर. आमची भट्टी म्हणजे जमिनीवर रचलेली आग. करवंट्या आणि लाकडं पेटवायची, त्यात दगड लाल होईपर्यंत तापवायचे, मग त्या दगडांवर डुक्कर, तारो, नारळाच्या दुधातल्या पानांच्या पुड्या मांडायच्या आणि वरून केळीच्या पानांनी झाकून टाकायचं. सगळी मदार दगडांवर. सासूबाईंनी मला बजावलं होतं, "जुने दगड भाजून भाजून ठिसूळ झालेत. नीट बघून घे रे."

पहाटे मी मागे गेलो. आणि तिथे, छपराच्या मागे, स्वच्छ गोणपाटावर, दगड मांडून ठेवलेले होते. काळे, गोल, एकसारखे. धुतलेले, पुसलेले आणि वर खोबरेल लावलेले. भट्टीच्या दगडांना खोबरेल कोण लावतं, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला भरून आलं. वरवर अरे-तुरे करणाऱ्या या बाईनं माझ्या पहिल्या मोठ्या भट्टीसाठी इतके देखणे दगड हातानं धुऊन ठेवले. मी त्या अंधारात घराच्या दिशेनं हात जोडले. मग दगड आगीत टाकले. दोन तीन फटाफट फुटले, पण नव्या दगडांचं असं होतंच, अशी मी समजूत घातली.

जेवण असं झालं की विचारू नका. डुकराची कातडी पापडासारखी मोडत होती. पाद्रीबाबांनी दोनदा मागून घेतलं. फालेआफा मामांनी बोटं पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याच्या हाताला आता इथली चव आली. हा आपला झाला." मी छपराच्या कडेला माश्या हाकलत उभा होतो. अकरा वर्षं खुर्चीत बसून जे वाटलं नव्हतं ते मला तिथे उभ्यानं वाटलं. अगदी खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाई उठल्या. "चला," त्या म्हणाल्या, "दगड लावून घेऊ, मग प्रार्थना करू."

"कुठले दगड?" मी उत्साहानं विचारलं.

त्या मागे गेल्या. गोणपाट रिकामं होतं. त्यांनी ते उचललं, खाली पाहिलं, मग भट्टीकडे पाहिलं. केळीची पानं बाजूला केली. दगड तिथे होते. काही दुभंगलेले, सगळे डुकराच्या चरबीनं चकाकणारे.

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. काय झालं ते पेनीनानं मला हळूच सांगितलं. सासरे मूळचे पलीकडच्या सवाई बेटावरचे. तेही घरजावई म्हणूनच इथे आले आणि आयुष्य इथे काढलं. ते गेले तेव्हा सासूबाई बोटीनं पलीकडे गेल्या आणि त्यांच्या गावच्या ओढ्यातून एकेक दगड निवडून, गोण्या भरून घेऊन आल्या. नवऱ्याला आपल्या अंगणात परकं वाटू नये म्हणून. दर वर्षश्राद्धाला त्या ते काढतात, धुतात, तेल लावतात आणि परत रचतात. (मी तेव्हा खुर्चीत बसून ताटाची वाट बघत असे.) वरची चटई होती ती उघडी कबर झाकायला.

आणि मी त्यांच्यावर डुक्कर भाजलं. पृथ्वीनं दुभंगावं आणि आपल्याला पोटात घ्यावं असं मला वाटलं. पण त्या अंगणातल्या पृथ्वीत आपल्याला आता जागा नाही, हेही त्याच क्षणी कळून चुकलं. परदेशी माणसाला कदाचित मिळाली असती. मला मिळणार नव्हती.

मामांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, याला एकच मार्ग, ईफोगा. म्हणजे चुकलेल्या माणसानं पहाटे त्या घरासमोर येऊन बसायचं, डोक्यावरून बारीक विणीची चटई पांघरून घ्यायची, पुढ्यात लाकडं आणि दगड ठेवायचे. अर्थ असा की ही लाकडं, हे दगड, हवं तर मलाच भाजून खा. घरच्यांनी चटई उचलली तर माफ केलं. नाही उचलली तर बसून राहायचं.

"एकट्यानं बसत नाहीत," मामा म्हणाले. "चुकलेल्याचं सगळं कुटुंब बसतं. पुढे त्यांचा मानकरी."

माझं कुटुंब म्हणजे वॅगाला एक भाऊ, जो ट्रॅक्टर विकतो. मी मामांनाच म्हटलं, तुम्ही या. तुम्ही माझे मानकरी.

"मी तुझा मानकरी खरा," मामा कळवळून म्हणाले, "पण ज्यांचं नुकसान झालं त्यांचाही मीच. एका माणसाला दोन्हीकडे कसं बसता येईल?"

दुहेरी नागरिकत्वाचे तोटे योसेफोनं बरेच सांगितले होते, पण हा त्याच्या यादीत नव्हता. अडचणी तिथेच संपल्या नाहीत. पांघरायला बारीक विणीची चटई हवी, आणि घरातल्या चटया सगळ्या सासूबाईंच्या. मला ती त्यांच्याकडेच मागावी लागली. त्यांनी माझ्याकडे न बघता पेटी उघडली, चटई दिली आणि एवढंच म्हणाल्या, "घामानं खराब करू नकोस."

सोमवारी पहाटे मी घरातून निघालो, घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आलो आणि माझ्याच घरासमोर बसलो. पुढ्यात लाकडं आणि सासऱ्यांचे दगड. ते मी राख, साबण आणि काथ्यानं घासले होते, पण डुकराचा वास जात नव्हता. मांडी घातली आणि चटई डोक्यावरून घेतली.

चटईखाली माणसाला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. घरात कपबशा वाजत होत्या, माझ्या वाटणीचा कोको कुणीतरी पीत होतं. एक कोंबडी येऊन माझ्या गुडघ्यावर चोच मारून गेली. शाळेत जाणारी पोरं थांबली, त्यांच्यात चर्चा झाली. मग आपिआची बस आली. ती एरवी आमच्या घरापाशी थांबत नाही, त्या दिवशी थांबली. आतून योसेफोचा आवाज आला.

"नेव्हिल, ऑफिसात काय सांगू?"

"पोट बिघडलंय म्हण," मी चटईतून म्हटलं.

"पोट बिघडलेले असे बसत नाहीत," बसमधली एक म्हातारी म्हणाली, आणि बस गेली.

ऊन चढलं. पाय आधी दुखले, मग त्यांना मुंग्या आल्या, मग ते माझे राहिले नाहीत. घरातून कुणी आलं नाही. मला वाटायला लागलं की हे संपलं. सासूबाई बरोबर आहेत आणि मी वॅगाला जावं. तिथे माझी वाट कुणी बघत नव्हतं, पण इथेही आता कुणी बघत नव्हतं. पेनीना घरात होती. तिनं घरातच असायला हवं होतं, तिच्या आईचं दुःख होतं, तिच्या वडिलांचे दगड होते. हे मला समजत होतं. समजत असूनही मी चटईखाली लहान पोरासारखा रडलो. (चटईची काळजी घेऊन.)

पायऱ्यांवरून कुणीतरी उतरलं. चटईची कड वर झाली.

"सरक," पेनीना म्हणाली.

"तू इथे बसलीस तर आईच्या विरुद्ध बसलीस असं होईल."

"होईल."

"मग तुझं तिकडचं काय?"

"तिकडचंही आहेच." ती मांडी घालून माझ्याशेजारी टेकली आणि चटई दोघांवरून ओढून घेतली. "नागरिकत्व काय तू एकट्यानंच घेतलंस? मी अकरा वर्षांपूर्वी घेतलंय, तुझं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच. किती वास येतोय तुला."

मी माझी थोडी चटई तिच्याकडे सारली. बऱ्याच वेळानं पावलं वाजली आणि आमच्यासमोर थांबली. सासूबाईंची पावलं मी ओळखतो. त्यांनी खाली वाकून एक दगड उचललेला ऐकू आला. त्यांनी तो हुंगला.

"डुक्कर नीट शिजलं होतं ना रे?" त्यांनी विचारलं.

मी चटईखालून हो म्हटलं.

"शेवटची सगळी वर्षं डॉक्टरांनी त्यांचं डुक्कर बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना पपई द्यायची. त्या पपईवरून रोज स्वप्नात येऊन कुरकुर करतात. मेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. काल आलेच नाहीत." दगड खाली ठेवल्याचा आवाज आला. "जन्मभर त्यांनी याच भट्टीपाशी रविवार काढले. दगड पुन्हा तिथेच गेले. जाऊ दे."

आणि त्यांनी चटई उचलली. उजेडानं माझे डोळे दिपले. त्यांनी आधी चटई उलटसुलट करून डाग पाहिले, मग पेनीनाला हात देऊन उठवलं, मग मला ऊठ म्हणाल्या. मला उठता येईना, तेव्हा दोघींनी मिळून मला काखेत धरून उभं केलं. फुटलेले दगडही आम्ही तिघांनी मिळून कबरीवर रचले. सासूबाईंनी फुटकी बाजू खाली केली.

मामांना बोलावणं गेलं. त्यांनी माफीचं भाषण केलं, त्यात पक्षी पुन्हा आला, पण या वेळी तो वाट चुकलेला होता. शेवटी ते म्हणाले, पालागी माणूस आहे, त्याला कळत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेनीनानं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त. पुढच्या रविवारी खुर्ची परत आली. तिला अंड्यांचा वास येतो, पण मी बसतो.

नागरिकत्वही यथावकाश मिळालं. नवा पासपोर्ट घेऊन मी पहिल्यांदा परत आलो तो नाताळच्या तोंडावर. बाहेरदेशी गेलेला सगळा सामोआ त्याच विमानातून घरी आला होता आणि नागरिकांची रांग विमानाच्या शिडीपर्यंत पोचली होती. उरलेल्या जगाच्या रांगेत दोनच माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा खिडकीतल्या अधिकाऱ्यानं गावाचं नाव वाचलं आणि वर पाहिलं. सासऱ्यांवर डुक्कर भाजणारे ते तुम्हीच का, असं त्यानं आदरानं विचारलं.

त्या संध्याकाळी सासूबाई कबरीपाशी बसून सासऱ्यांना बातम्या सांगत होत्या. पेनीना टॉवेल काढत होती. मी मनाचा हिय्या केला आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारून टाकलं. मी मेल्यावर मला कुठे ठेवणार?

सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. "कुठे म्हणजे? हे काय," त्या म्हणाल्या आणि सासऱ्यांच्या शेजारची जमीन त्यांनी हातानं थोपटली. "ही जागा तुझ्या लग्नाच्या दिवसापासून ठेवलीय. घरजावई घरजावयापाशी. म्हणून तर तिथे काही लावलं नाही."

अकरा वर्षं मी त्या जागेवर स्कूटर लावत होतो. मी म्हटलं, मग वॅगाच्या नदीतले थोडे दगड मी आताच मागवून ठेवतो, माझ्यावर रचायला.

"दगड नकोत," सासूबाई लगेच म्हणाल्या. "तुझ्यावर सिमेंट घालायचं."

"का?"

"पेनीनाचा पुढचा नवरा कसला निघेल, काय सांगावं?"

पेनीना हातात टॉवेल घेऊन तिथेच उभी होती. ती आईला काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो. तिनं त्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि थोडा विचार केला.

"सिमेंटच बरं," ती म्हणाली. "टॉवेल चांगले वाळतात."